पाण्याची कावीळ : दिल्लीच्या साथीपासून वाघोलीच्या टँकरपर्यंत

रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते रक्तातून उचलते, पाण्यात विरघळेल अशा रूपात आणते आणि पित्ताबरोबर आतड्यात सोडते. विष्ठेला तपकिरी रंग येतो तो त्यामुळेच. ही वाट कुठेही अडली की बिलिरुबिन रक्तात साचते. निरोगी माणसात त्याचे प्रमाण दर डेसिलिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. ते दोन-तीनच्या वर गेले की आधी डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा दिसू लागतो, मग कातडी. ही कावीळ. तिच्यामागची कारणे पुष्कळ आहेत. मलेरियात किंवा सिकलसेलमध्ये तांबड्या पेशीच भराभर फुटतात. पित्तनलिकेत खडा अडकतो. वर्षानुवर्षांच्या दारूने यकृत सुकत जाते. कोकणात भातशेतीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस डोके वर काढतो. नवजात बाळाचे यकृत पहिल्या आठवड्यात अजून पुरते तयार झालेले नसते. पण ‘गावात काविळीची साथ आली’ असे महाराष्ट्रात कोणी म्हणते, तेव्हा बोलणे असते ते पाण्यातून आलेल्या विषाणूबद्दल. दिल्लीच्या साथीनंतर हा विषाणू ओळखायला पंचवीस-तीस वर्षे गेली, आणि त्या शोधाचा एक मोठा टप्पा पुण्यात पार पडला.

रोग जुनाच. आयुर्वेदात कामला या नावाने त्याची लक्षणे तपशीलवार नोंदलेली आहेत. चरकसंहितेने कामलेचे दोन प्रकार मानले. त्यांतल्या एका प्रकारात पित्ताची वाट अडते आणि मळ वाटलेल्या तिळासारखा पांढुरका होतो, असे निरीक्षण तिथे येते. आज पित्तनलिका बंद झालेल्या रुग्णाला डॉक्टर पहिल्या काही प्रश्नांत हेच विचारतात. युरोपातही एकोणिसाव्या शतकात, पित्तनलिकेच्या तोंडाशी शेंबडासारखा बोळा बसल्याने कावीळ होते, असे फिर्कोसारख्या नामांकित विकृतिशास्त्रज्ञाचे मत होते. विषाणू ही कल्पनाच तेव्हा जन्मली नव्हती, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

गावोगावचे उपचार मात्र वेगळ्या वाटेने गेले. कुणी नाकात कडू रस पिळायचा, कुणी दंडावर तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा, कुणी गळ्यात माळ घालायचा. माळ दिवसागणिक लांब होत जाते आणि तितकी कावीळ उतरली असे सांगितले जाते. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या वेढ्यांत अडकवलेले असतात. काड्या सुकून बारीक झाल्या की वेढे सैल पडतात आणि माळ पोटापर्यंत येते. ती निरोग्याच्या गळ्यात घातली तरी तितकीच लांबते. हातांना चुना चोळून पाणी पिवळे करून दाखवण्याचा प्रयोगही याच जातीचा. आंब्याच्या सालीचा रस आणि चुन्याची निवळी एकत्र आली की पिवळा रंग येतोच. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमांत हे प्रयोग करून दाखवले जातात. तरीही माळ घालणाऱ्याचे नाव पंचक्रोशीत टिकते, कारण पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय ज्याच्या हाती त्या वेळी माळ असेल त्याला मिळते. नुकसान होते ते ज्याची कावीळ खड्याची, कर्करोगाची किंवा यकृत निकामी होत चालल्याची असते त्याचे. त्याचे मोलाचे आठवडे या माळेत जातात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉक्टरांच्या लक्षात आले की संसर्गाने होणारी कावीळ एक नाही, निदान दोन आहेत. एक तोंडावाटे येते आणि साथीने पसरते. दुसरी रक्त आणि सुया यांच्यामार्फत येते. १९४७ मध्ये ब्रिटिश डॉक्टर मॅकॅलम यांनी त्यांना हिपॅटायटिस, म्हणजे यकृतदाह, ए आणि बी अशी नावे दिली. पुढची तीस वर्षे जगभर एक सोपे समीकरण चालले: पाण्याची ती ए, सुईची ती बी.

याच समीकरणाच्या आधारे दिल्लीच्या साथीचा अर्थ लावला गेला. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोचले. जलकेंद्रावरच्या लोकांना धोका कळला होता. त्यांनी तुरटी आणि क्लोरीन यांची मात्रा वाढवली, आणि ती जिवाणूंना पुरली. शहरात टायफॉइडची किंवा हगवणीची मोठी लाट आली नाही. डिसेंबर उजाडला आणि माणसे पिवळी पडू लागली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कावीळ झालेल्यांचा अंदाज २९,३०० वर गेला. जिवाणू मारायला पुरेसा ठरलेला क्लोरीन गढूळ, मैलामिश्रित पाण्यातल्या विषाणूला पुरा पडला नव्हता. पाणीपुरवठ्याच्या इतिहासात ही साथ आजही शिकवली जाते ती त्यासाठीच: जिवाणूंच्या चाचणीत पाणी पास झाले म्हणून ते विषाणूमुक्त ठरत नाही.

दिल्लीच्या आकड्यांत दोन गोष्टी खटकण्याजोग्या होत्या. आजारी पडलेले बहुतेक तरुण आणि मध्यमवयीन होते, मुले तुलनेने कमी. आणि गरोदर स्त्रियांमधले मृत्यू इतरांपेक्षा कितीतरी जास्त होते. त्या काळी हिपॅटायटिस ए ची खात्रीची तपासणीच नव्हती, म्हणून या खुणांवर कोणाला बोट ठेवता आले नाही. १९७३ मध्ये अमेरिकेत फाइनस्टोन, कॅपिकियन आणि पर्सेल यांनी ए चा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि तपासणीचा मार्ग खुला झाला.

आता कथा पुण्याकडे वळते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ मध्ये पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढले. सुरुवातीची वर्षे डास आणि गोचिडी यांच्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूंत गेली. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातल्या तापाचा छडा याच संस्थेने लावला. १९७८ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. शहरात ती एनआयव्ही म्हणूनच ओळखली जाते. अहमदाबादेत १९७५-७६ मध्ये काविळीची मोठी साथ आली, तेव्हा संस्थेचे लोक तिथे जाऊन तपास करून आले होते. नमुने जपून ठेवले गेले. हा कंटाळवाणा वाटणारा उद्योग, नळ्यांवर चिठ्ठ्या लावून रक्तद्रव गोठवून ठेवण्याचा, पुढे निर्णायक ठरला.

१९८० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख आला. लेखकांत वाँग आणि पर्सेल हे अमेरिकन, आणि पुण्याचे श्रीनिवासन, प्रसाद व संस्थेच्या संचालक खोर्शेद पावरी होते. दिल्लीच्या साथीतले रक्तद्रव, अहमदाबादचे रक्तद्रव आणि पुण्यात सुटेपणाने आढळलेल्या काविळीच्या रुग्णांचे रक्तद्रव त्यांनी नव्या तपासणीला लावले. ए च्या ताज्या संसर्गाचा पुरावा मिळाला नाही. बी चाही नाही. पंचवीस वर्षे जिला ए ची साथ म्हणून पुस्तकांत जागा मिळाली होती, ती दिल्लीची साथ ए ची नव्हतीच. मागे वळून पाहिले तर उत्तर वयाच्या आकड्यांत होते. त्या काळच्या भारतात हिपॅटायटिस ए जवळजवळ प्रत्येकाला लहानपणीच होऊन जाई, बहुधा अंगावर काही न दिसता, आणि त्याची प्रतिकारशक्ती जन्मभर टिके. मग पंचविशीतल्या माणसांना हजारोंनी आजारी पाडणारा विषाणू ए कसा असेल?

त्याच सुमारास काश्मीरमध्ये डॉ. मोहम्मद सुलतान खुरू दुसऱ्या टोकाने याच निष्कर्षाला येत होते. १९७८ च्या हिवाळ्यात सोपोर भागातल्या खेड्यांत साथ पेटली. पुढे तिचा अंदाज ५२,००० रुग्ण आणि १,७०० मृत्यू असा मांडला गेला. लोक ओढ्या-नाल्यांचे पाणी पीत होते. खुरू घरोघर फिरले आणि गरोदरपणातल्या मृत्यूंची नोंद त्यांनी काळजीपूर्वक केली.

विषाणू मात्र अजून कोणी पाहिला नव्हता. तो दाखवला मॉस्कोच्या मिखाईल बलायान यांनी, आणि ज्या रीतीने दाखवला ती आज कोणतीही नैतिकता समिती मान्य करणार नाही. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैनिकांमध्ये कावीळ पसरली होती. बलायान यांना ए पूर्वीच होऊन गेला होता, म्हणजे त्यापासून त्यांना धोका नव्हता. नऊ रुग्णांच्या विष्ठेचे गाळलेले द्रावण ते स्वतः प्याले. छत्तिसाव्या दिवशी त्यांना हिपॅटायटिसने गाठले. स्वतःच्याच विष्ठेत त्यांना २७ ते ३० नॅनोमीटर आकाराचे गोल कण सापडले. हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी पुण्याच्या श्रीनिवासन, विद्या अरणकल्ले, सेहगल आणि पावरी यांनी भारतातल्या साथीच्या नमुन्यांत तसेच कण दाखवले. १९९० मध्ये कॅलिफोर्नियात विषाणूचा जनुकीय तुकडा हाती लागला आणि नाव पक्के झाले: हिपॅटायटिस ई.

तपासणी हाती आल्यावर अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या साथी पुन्हा उघडल्या. भारतात पाण्यातून पसरलेल्या १७ साथींपैकी १६ ई च्या निघाल्या. पुण्यात १९८२ आणि १९९२ मध्ये गोळा केलेल्या रक्तद्रवांची तुलनाही झाली. तीत दिसले की ए च्या खुणा बालपणातच जवळपास सर्वांच्या रक्तात येतात, पण ई च्या खुणा लहान मुलांत फारच थोड्या असतात. त्या तरुणपणी वाढतात आणि प्रौढांतही निम्म्याहून कमी लोकांत राहतात. म्हणजे प्रत्येक शहरात ई ला बळी पडू शकणाऱ्या मोठ्या माणसांचा भला मोठा साठा कायम असतो. साथ यायला फक्त पाणी बिघडावे लागते. पुढे सुखवस्तू घरांत ए चे बालपणीचे संसर्गही कमी होत गेले, आणि आता कॉलेजच्या वयात ए ची कावीळ होऊन अंथरुणाला खिळणारी मुले दिसतात. स्वच्छता अर्धवट सुधारली तर आजार नाहीसा होत नाही, उशिरा येतो.

हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी यांचा इतिहास वेगळा आहे. ते रक्तातून, न उकळलेल्या सुयांतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातात, आणि वर्षानुवर्षे यकृतात ठाण मांडून बसतात. बी ची लस २०११ पासून देशभरच्या नियमित लसीकरणात आली. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. सी ला लस नाही, पण तो गोळ्यांनी बरा होतो. साथीच्या काविळीशी या दोघांचा संबंध नाही.

महाराष्ट्राच्या अलीकडच्या आठवणीतली मोठी साथ इचलकरंजीची. २०१२ च्या उन्हाळ्यात या यंत्रमागांच्या शहरात घराघरांत माणसे पिवळी पडली. रुग्ण हजारोंनी होते, मृत्यूही झाले. तपासणीत हिपॅटायटिस ई निघाला. शहर पंचगंगेच्या काठी, कोल्हापूरच्या खालच्या अंगाला. कोल्हापुरात जयंती नाला पंचगंगेला मिळतो. खाली येईपर्यंत गावांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी तिच्यात भर घालत जाते. उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो, पात्रावर जलपर्णी पसरते आणि नदीत मैल्याचा वाटा वाढतो. दिल्लीत १९५५ मध्ये जे घडले त्याचीच ही छोटी आवृत्ती होती. फरक एवढाच की आता विषाणूचे नाव ठाऊक होते.

रुग्णाला जे होते त्यात फारसे बदललेले नाही. पहिले काही दिवस बारीक ताप, मळमळ आणि अन्नावरची वासना उडणे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला धूर नकोसा होतो, हे जुने डॉक्टर आवर्जून विचारीत. मग लघवी गडद होते, आणि दोन-तीन दिवसांनी डोळे पिवळे. गंमत म्हणजे पिवळेपणा दिसू लागतो तेव्हा ताप बहुधा उतरलेला असतो. ए आणि ई साठी खास औषध सहसा लागत नाही; विश्रांती, पोटभर साधे जेवण, दारू पूर्ण बंद, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय पॅरासिटामॉलसुद्धा नाही. मराठी घरांत काविळीच्या माणसाच्या ताटातून तेल, मीठ आणि मुख्य म्हणजे हळद काढून टाकतात. हळद पिवळी, म्हणून ती पिवळेपणा वाढवील, हा तर्क बिलिरुबिनला लागू पडत नाही. उसाचा रस पाजण्याने यकृताला विशेष लाभ होत नाही, आणि त्यात पडणारा गाड्यावरचा बर्फ कोणत्या पाण्याचा, हे विचारायचे राहून जाते. सतत उलट्या, गुंगी, असंबद्ध बडबड, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त ही लक्षणे दिसली तर मात्र तासही दवडू नये. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते. अशा बाईला डोळे पिवळे दिसताच मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते.

हा सगळा इतिहास वाघोलीसारख्या ठिकाणी येऊन वर्तमान होतो. पुण्याच्या नगर रस्त्यावरचे हे गाव एकेकाळी मराठा सरदार पिलाजीराव जाधवरावांचे. वाघेश्वराच्या देवळाजवळ त्यांची समाधी आहे. नंतर दगडखाणींनी आणि खाणकामगारांच्या वस्त्यांनी गावाची ओळख बदलली, आणि शेजारच्या खराडीपर्यंत आयटी कंपन्या आल्यावर बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या. ३० जून २०२१ रोजी २३ गावे पुणे महापालिकेत आली त्यांत वाघोली होती. त्याआधी दशकभर इमारती वाढत गेल्या, पण नळ आणि ड्रेनेज त्यांच्या मागे धावत राहिले. सोसायट्यांचा भरवसा बोअर आणि टँकरवर.

अशा पुरवठ्यात मैला पाण्यात मिसळण्याच्या जागा नेमक्या सांगता येतात. नळाला पाणी दिवसातून काही वेळच सोडले जाते. व्हॉल्व्ह बंद झाला की नळीतला दाब उतरतो, आणि शेजारून जाणारी ड्रेनेजची नळी गळकी असेल तर बाहेरचे पाणी फुटक्या सांध्यातून आत ओढले जाते. सोसायटीची जमिनीखालची टाकी पार्किंगच्या कोपऱ्यात, ड्रेनेजच्या चेंबरला लागून असते. तिच्या झाकणाला रबर नसले की पहिल्या मोठ्या पावसात चेंबरचे पाणी आत उतरते, हे प्लंबरना चांगले माहीत असते. टँकरचे पाणी ज्या विहिरीतून भरले त्या विहिरीच्या वर कोणाचे शोषखड्डे आहेत, हे चालकालाही ठाऊक नसते.

ग्रामपंचायतीच्या काळात यावरचा पहारा साधा होता. टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकीत पडली की नाही हे ओटी चाचणीने पाहायचे. काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, तसेच राहिले तर नाही. एवढ्या चाचणीने गावाला पाण्याच्या सुरक्षिततेचे हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड ठरायला मदत होई. पावडरचे पोते उघडे राहिले किंवा दमट खोलीत ठेवले तर तिचा जोर उतरतो, म्हणून पाणी पुरवणाऱ्याने ‘पावडर टाकली’ म्हणणे आणि शेवटच्या नळाला दर लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचणी टाकीपाशी नाही, शेवटच्या घरात करायची असते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड, किरकटवाडी परिसरात गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. ती गावेही याच २३ मधली. रुग्णांच्या नमुन्यांत एनआयव्हीला कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. कावीळ तिथे नव्हती, पण संशय पुन्हा पाण्यावर आला. त्यानंतर खासगी आरओ केंद्रे आणि टँकर भरण्याच्या जागा तपासल्या गेल्या.

हिपॅटायटिस ई च्या तपासात एक अडचण कायम आहे. संसर्गापासून आजारापर्यंत दोन ते आठ आठवडे जातात, सरासरी पाच-सहा. नोव्हेंबरच्या मध्यात दिल्लीचे पाणी बिघडले आणि रुग्ण डिसेंबरमध्ये आले, याचे कारण तेच. पहिला रुग्ण दवाखान्यात पोचतो तेव्हा ते पाणी कधीच वाहून गेलेले असते आणि आज घेतलेला नमुना स्वच्छ निघतो. म्हणून काविळीचे दोन-तीन रुग्ण एका इमारतीत किंवा एका गल्लीत दिसले की पाण्याच्या बाटलीइतकेच महत्त्व वहीला येते: पाच-सहा आठवड्यांपूर्वी नळी कुठे फुटली होती, टाकी कधी धुतली, कोणत्या तारखेला कोणाचा टँकर आला आणि तो कुठे भरला. बऱ्याच सोसायट्यांत टँकरची नोंद पैसे चुकते करण्यापुरती ठेवतात. तीत भरण्याची जागा लिहिलेली नसते. छडा लागेपर्यंत पाणी खळखळ उकळून प्यायचे, टाकीत क्लोरीनची मात्रा वाढवून अर्धा तास थांबायचे, आणि रुग्णाने शौचानंतर साबणाने हात धुवायचे व दुसऱ्यांचा स्वयंपाक करायचा नाही. ए ची लस बाजारात मिळते. ई वर चीनने २०११ मध्ये लस मंजूर केली आणि २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधल्या विस्थापितांच्या छावणीत साथ रोखण्यासाठी ती वापरली गेली, पण भारताच्या नियमित लसीकरणात ती नाही.